दोनदा नाही म्हणायची रीत

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही ग्रामपंचायतीचा शिपाई लिहून द्यायचा. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवणी लिहाव्यात त्या जग पाहिलेल्या माणसांनी. मी भंडाऱ्यापलीकडे फक्त नागपूर पाहिलंय, दोनदा, आणि त्यातलं एकदा दवाखान्याच्या आवारातूनच परत आलो. तरी लिहितोय, कारण गेल्या काही महिन्यांत जे झालं ते कोणाला तोंडी सांगायला गेलो की ऐकणारा अर्ध्यातच विचारतो, "पण ह्यात तुले भेटते काय?" आणि मग पुढचं सांगणं राहून जातं. कागद मध्ये बोलत नाही. तेवढाच आधार.

आमचं गाव आंधळगावच्या पुढे, तलावाच्या काठी. वस्ती मासेमारांची. बाबा मच्छीमार संस्थेचे साधे सभासद. माय आणि ताई आठवडी बाजारात मासे घेऊन बसतात. मी रोज एसटीनं भंडाऱ्याला कॉलेजात जातो. घरी फोन एकच आहे. सकाळी तो बाबांबरोबर तलावावर जातो, दुपारी ताईकडे असतो, संध्याकाळी माझ्याकडे. आमच्या वस्तीत बहुतेक घरांत असंच चालतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

वावगं वाटलं ते एका वेबसाइटला. ताईनं नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिथे खातं उघडलं होतं, घरच्याच नंबरवर. यादी लागली की फोनवर निरोप येणार होता. त्याच सुमारास माझी बारावी झाली आणि मीही त्याच वेबसाइटवर माझा अर्ज भरायला बसलो. नंबर टाकला तेव्हा इंग्रजीत एक ओळ आली. हा नंबर आधीच जोडलेला आहे, पुढे जायचं का? मला वाटलं, जोडलेला आहे म्हणजे चांगलंच. मी 'पुढे' दाबलं. माझं खातं उघडलं आणि ताईचं मोडलं. तिचं नाव यादीत लागलं होतं हे आम्हाला कळलं तेव्हा हजर राहायची तारीख होऊन नऊ दिवस गेले होते. पुढच्या वर्षी तिनं मावशीच्या नंबरवरून पुन्हा अर्ज केला. तेव्हा यादी तिच्या दोन नावं वर थांबली.

ताई मला कधी रागावली नाही. ती फक्त बोलते. मी पुस्तक उघडलं की म्हणते, "वाच बाबू, वाच. दोघाचं एकट्यानं वाचून राहिला तू, टाइम तं लागनारच."

हे मी आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना एकदा सांगितलं. सर म्हणाले, त्या वेबसाइटवाल्यांशी भांडून उपयोग नाही, तेही दुसऱ्याचेच नियम उचलतात. वेबसाइटवर शिरताना 'तू कोण' हे माणसाला कसं विचारायचं, खातं कोणाचं हे कसं ठरवायचं, ह्याचे नियम लिहिणारे गट असतात. त्यातला एक गट पूर्ण ऑनलाइन चालतो, देशोदेशीचे लोक फुकट काम करतात आणि त्यात कोणीही सामील होऊ शकतं. "कोणीही" हा शब्द सरांनी दोनदा उच्चारला. मला तो खरा वाटला. चूक तिथूनच सुरू झाली असं कधी कधी वाटतं.

सामील व्हायचं तर आधी खात्री करून द्यावी लागत होती. फोनवर सहा आकडे येणार, ते दहा मिनिटांत भरायचे. मी कॉलेजच्या लॅबमध्ये आणि फोन तलावावर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोहाच्या फांदीला टांगलेला. मित्राचा फोन घेऊन मी बाबांना लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

"बाबा, सहा आकडे आले असतील. वाचून सांगा."

"आले हायेत. पन सांगनार नाही."

"काहून?"

"बँकेतल्या साहेबानं सांगतलं हाये, आलेले आकडे कोनालेच सांगाचे नाही म्हनून."

"बाबा, मी तुमचा पोरगा बोलून राहिलो!"

"हाव. थे साहेबबी हेच म्हने, चोर पोराचा आवाज काढते म्हनून. अना हा नंबरबी तुह्या नाही."

मी त्यांना शेजारच्या म्हशीचं नाव सांगितलं, मागच्या पोळ्याला काय झालं ते सांगितलं. बाबा पक्के राहिले. दहा मिनिटं संपली. असं तीन वेळा झालं. शेवटी रविवारी मी स्वतः तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसलो. फोन माझ्या हातात, बाबा कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत, आणि तिथून मी त्या गटाचा सभासद झालो. बाबांनी पाण्यातूनच विचारलं, "झाला का आता तू तूच?"

मग मी माझा प्रस्ताव लिहिला. इंग्रजीत चारच ओळी होत्या, सरांनी तपासून दिल्या. एका नंबरवर एकाहून जास्त माणसं असू शकतात. दुसरा माणूस आला म्हणून पहिल्याचं खातं मोडू नये. मोडायचंच असेल तर पहिल्याला स्पष्ट विचारावं आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावं. ताईचं गेलेलं वर्ष ह्यातून परत येणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण मी जे बटण दाबलं ते आणखी कोणाच्या भावाला इतक्या सहज दाबता येऊ नये, एवढं माझ्या हातून व्हावं असं वाटत होतं. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे नव्हतंही.

चार ओळींवर जे बोलणं सुरू झालं ते पाहून मी थक्क झालो. आधी दोन दिवस आभार चालले. ज्यानं त्यानं आभार मानले. मग एकानं विचारलं, अशी घरं किती आहेत, आकडा द्या. मी लिहिलं, मला एक नक्की माहीत आहे, आमचं. त्यावर उत्तर आलं की एका घरावर नियम होत नाही. मी आमच्या वस्तीतल्या एकवीस घरांत फिरून विचारून आलो आणि तसं लिहिलं. तर म्हणाले, वस्ती एकच आहे. दुसऱ्यानं सुचवलं की प्रत्येकानं आपला वेगळा नंबर घ्यावा, सोपं आहे. जणू नंबर हातात धरून बोलता येतं, त्याला फोन लागत नाही. तिसरा म्हणाला, प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून त्यासाठी उपसमिती नेमावी. सगळ्यांना ते पटलं. उपसमितीला मंडळाची परवानगी लागते. मंडळाची मुदत संपत आली होती, म्हणून जुनं मंडळ नवीन काही हातात घेत नव्हतं. म्हणजे आधी निवडणूक.

पाच जणांचं मंडळ. त्याच्या निवडणुकीचे नियम अठरा पानांचे. मी ती अठरा पानं येता-जाता एसटीत वाचली. आमच्या संस्थेचे उपविधी त्याहून मोठे असतील, पण ते कोणी वाचत नाही, म्हणून कामं होतात. इथे प्रत्येकानं वाचले होते आणि प्रत्येकाला वेगळे कळले होते. मतदार कोण ह्यावर तीन आठवडे गेले. बैठकांना हजर असलेलाच मतदार, हे ठरलं. हजर म्हणजे काय, ह्यावर पुन्हा वाद. मी दोन बैठकांना फोनवरून हजर होतो, पण आमच्याकडे लाइन अशी की माझं तोंड दिसायचं आणि आवाज जायचा नाही. कोणीतरी गंभीरपणे विचारलं, न बोललेला माणूस हजर धरायचा का? मी मान हलवून हो हो करत होतो. ते कोणाला दिसलं की नाही कोण जाणे. अखेर मतदार झालो.

आणि मग जे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं ते झालं. गटात एक म्हाताऱ्या बाई होत्या, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या. त्या इंग्रजी सावकाश बोलायच्या, म्हणून मला त्यांचंच तेवढं पूर्ण समजायचं. त्यांनी मंडळासाठी माझं नाव सुचवलं. खाली दोन ओळी लिहिल्या, की ह्या मुलानं आपल्याला जो प्रश्न विचारला तो आपल्याला आपणहून कधी पडला नसता. आणि मला विचारलं, तुला मान्य आहे का?

ती ओळ मी लॅबमध्ये पाच वेळा वाचली. मंडळात गेलो तर माझ्या चार ओळी परवानगीच्या रांगेत उभ्या राहणार नव्हत्या. प्रस्ताव आपला आहे हे जाहीर केलं की त्यावर मतही देता येत होतं, हे मी अठरा पानांत वाचलेलं होतं. मनातून हो म्हणालो होतो.

इथे मला आमच्या संस्थेची रीत सांगायला हवी. संस्थेत अध्यक्ष निवडायचा असला की कागद भरण्याआधी सगळे पाळीवर मोहाखाली बसतात. कोणीतरी म्हणतो, "औंदा तुमी बसा." ज्याला म्हटलं तो हात जोडतो. "नाही बाप्पा, माह्यानं होत नाही." थोडा वेळ दुसरं बोलणं होतं. मग पुन्हा म्हणतात. तो पुन्हा म्हणतो, "घरी काम हायेत, दुसरा पाहा." तिसऱ्या वेळी एखादा वडीलधारा उठून त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतो. मग तो मान खाली घालून म्हणतो, "तुमची मर्जी." झाली निवडणूक. फार वर्षांपूर्वी एकानं पहिल्याच खेपेला 'हाव' म्हटलं होतं. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तो आता म्हातारा झाला, काठी घेऊन चालतो, तरी लोक त्याला अजून विचारतात, "काहून गा बुवा, खुर्ची गरम हाये का?"

मी त्या बाईंना उत्तर लिहिलं. मी वयानं लहान आहे, मला अनुभव नाही, कृपया माझ्याहून योग्य असं कोणी मोठं माणूस पाहावं. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. व्यवस्थित झालं असं वाटलं. आणि मी त्यांच्या दुसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागलो.

दोन दिवसांनी उमेदवारांच्या पानावर माझ्या नावापुढे राखाडी अक्षरांत एक शब्द आला: 'नकार'.

मी निवडणूक अधिकाऱ्याला लिहिलं. हा कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. तो कायम नियमाचा क्रमांक देऊन बोलायचा. मी म्हटलं, मी नकार दिलेला नाही, मी पहिल्यांदा नाही म्हटलंय. त्यानं उत्तर दिलं की दिलेला नकार अंतिम असतो, नियम अमुक. मी पाळीची, टॉवेलची सगळी हकीगत लिहिली. दीड पान झालं. इंग्रजीत टॉवेलचं फारच विचित्र दिसत होतं, पण लिहिलं. त्यावर आलं, मुदत संपल्यानंतर नाव पुन्हा घालता येत नाही, नियम तमुक. मी तिसऱ्यांदा लिहिलं की माणसाला एकदाच विचारून सोडून द्यायचं हे बरोबर नाही, माझा प्रस्तावही तेच सांगतो. त्याचं शेवटचं पत्र एका ओळीचं होतं. आपल्या परंपरेची ही सुंदर माहिती दिल्याबद्दल आभार.

त्यानं शिवी दिली असती तर मला चाललं असतं.

ती पत्रं वाचून बाईंनीही लिहिलं, वेगळं. म्हणाल्या, मला वाईट वाटलं, पण तू नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तुझ्या शब्दाचा अपमान झाला असता, आमच्याकडे तसं समजतात. त्यांचंही चुकलं नव्हतं. मग चिडायचं कोणावर? अधिकाऱ्यावर चिडत राहिलो, ते सोपं होतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले. "दुसऱ्या डाव इचारलंच नाही?"

"नाही."

"कसे लोक हायेत बाप्पा थे! पोराले एकडाव इचारून मोकळे!" त्यांना मनापासून राग आला. त्यांनी मायला सांगितलं, मायनं शेजारी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीत माझ्याविषयी खरी सहानुभूती पसरली. मंडळ कसलं हे कोणाला कळलं नव्हतं, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही हे सगळ्यांना कळलं.

ताई मात्र मासे साफ करता करता म्हणाली, "त्याहिले काय मालूम तुह्या पाळीवरची रीत? थे अथी आले होते का तू तथी गेला होता?"

"मी गेलो होतो."

"मंग? दुसऱ्याच्या घरी 'जेवतोस का' म्हटल्यावर तू नाही म्हनशीन, अना भुकेजून बसशीन. मूर्ख नाही तं."

"पण ताई, एकदम हो म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं का?"

"कोनाले दिसनार होतं? मोहाच्या झाडाले?"

पुढे निवडणूक झाली, म्हणजे झालीच नाही. पाच जागांना चार उमेदवार उरले, ते बिनविरोध आले. पाचवी जागा रिकामी. नव्या मंडळानं उपसमितीचा विचार सोडून दिला आणि माझा प्रस्ताव सरळ मताला घ्यायचं ठरवलं. हे ऐकून मला आनंद झाला, आणि मग अठरा पानांतली एक ओळ आठवली. नियम बदलायला पाचपैकी चार मतं लागतात, जागा रिकामी असली तरी. म्हणजे आलेल्या चारही जणांनी हो म्हणायला हवं होतं. त्यांतला एक तर वेगळा नंबर घ्या म्हणणारा तोच होता.

मताच्या आठवड्यात आमच्या कॉलेजचं श्रमदान शिबिर मध्य प्रदेशाच्या सीमेवर बपेऱ्याला होतं, सात दिवसांचं. जायचं नव्हतं, पण हजेरीचे गुण होते. फोन नेण्याचा प्रश्नच नव्हता, बाबांना संस्थेचे निरोप येतात. माझं खातं घरच्या फोनवर उघडं ठेवलं आणि ताईला म्हटलं, "काही आलं तर वाचून ठेव. फक्त वाच."

"मले इंग्रजी येते, बाबू. यादीत नाव लागलं होतं माह्यं."

बपेऱ्यात सात दिवस मी शोषखड्डे खणले. माझ्याबरोबरचे सगळे गाणी म्हणायचे, नदीवर जायचे. मी फावडं मारताना मनातल्या मनात त्या चौथ्या माणसाशी भांडायचो. इंग्रजीत भांडायचो, त्यामुळे प्रत्येक वेळी मीच हरायचो. एका मित्रानं विचारलं, "कोनाशी बोलून राहिला बे?" काय सांगणार! मध्य प्रदेशातला माणूस असता तर सांगितलं असतं, नदीपलीकडे बोट दाखवून. हा माणूस कुठे राहतो हेच मला माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी घरी पोचलो. ताई अंगणात बसून फाटलेलं जाळं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "या मेंबरसाहेब."

मला वाटलं, नेहमीचंच. पिशवी टाकली आणि विचारलं, "काही आलं का?"

"आलं. लई आलं. हात धू पहिले."

हात धुवून आलो. तिनं फोन पुढे केला. पहिला निरोप शिबिराच्या दुसऱ्या दिवशीचा होता. माझ्या चार ओळींना तीन मतं बाजूनं, एक विरोधात. नामंजूर नाही, मंजूरही नाही, चौथ्या मतावाचून अडकलेल्या. म्हणजे मी जी खुर्ची रीतीनं नाही म्हणून सोडली, तिच्यावाचूनच. मी तिथेच ओसरीवर बसलो.

"खाली पाह्य," ताई म्हणाली.

खाली त्या म्हाताऱ्या बाईंचा निरोप होता. रिकामी जागा मंडळाला स्वतः भरता येते. आम्ही तुझं नाव ठरवलं आहे. मी तुला दुसऱ्यांदा विचारत आहे. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा लागेल, नियम तसा आहे. मान्य आहे का?

निरोपाला पाच दिवस होऊन गेले होते.

आणि त्याच्याखाली माझ्या नावानं, माझ्या छोट्या फोटोसकट, एका शब्दाचं उत्तर होतं: 'हो'.

मी वर पाहिलं. ताई सुई ओवत होती.

"तू लिहिलंस?"

"मंग कोन लिहीन? तू तं खड्डे खंदून राहिला होता."

"ताई, तो गट कशाचा आहे माहीत आहे ना तुला? माणूस तोच आहे का, हे ओळखायचे नियम करणारा गट आहे तो. आणि तू माझ्या नावानं..."

"फोनमंधी तुह्यंच नाव उघडं होतं. मले कोनी इचारलं का, बाई तू कोन म्हनून? इचारलं असतं तं सांगतलं असतं."

"मला त्यांना सांगावं लागेल."

"सांग ना. बहिनीनं दाबलं म्हन. एका फोनमंधी दोघं राहतेत, अना एकानं बटन दाबलं का दुसऱ्याचं होऊन जाते, असं सांग. चार वळीत लिहून ठेवलंच हाये ना तुनं?" मग सुई थांबवून म्हणाली, "अना पहिले तिसरा निरोप वाच. थो उघडला नाही मी. मले वाटलं, थो तरी तुनं वाचावा."

तिसरा निरोप मी उघडला. निवडणूक अधिकाऱ्याचा होता, नियमाच्या क्रमांकासह. तुमची संमती मुदतीत मिळाली. पाचवी जागा भरली आहे. अडकलेल्या प्रस्तावावर मतदान पुन्हा होईल, पाचही जणांचं, येत्या सोमवारी. मत देण्याआधी सहा आकडे घरच्या नंबरवर येतील.